सातव्या महिन्यातले पाय: कुठली सूज सोसायची, कुठली दाखवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलंच बाळंतपण, सत्ताविसावा आठवडा, दिवसभर खुर्चीत बसून काम. दुपारनंतर दोन्ही पाय सुजतात, मोज्यांचे वळ उठतात, सकाळपर्यंत सूज बरीच उतरते. रात्री पोटरीत गोळे येऊन झोपमोड होते. गुडघ्यामागे निळ्या शिरा दिसायला लागल्या आहेत. घरचे म्हणतात मीठ तोड, पाणी कमी पी, पाय वर करून पडून राहा. मैत्रीण म्हणते घट्ट स्टॉकिंग्ज घे. नवरा रोज रात्री पाय दाबून देतो, ते चालेल का? बाळंतपणानंतर हे सगळं जाईल ना? आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘डावा पाय जरा जास्तच सुजतो, चार दिवसांपासून त्याच पोटरीत दुखतंय.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका बऱ्याच असतात, आणि पायांची तक्रार सांगताना महत्त्वाची गोष्ट बहुतेकजणी दाराबाहेर पडतानाच सांगतात. म्हणून मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. सूज, गोळे, शिरा यांवर घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, ते पुढे लिहिलंच आहे. पण एकाच पायाची वाढती सूज आणि त्याच पायाची दुखणारी पोटरी हा वेगळा विषय आहे. त्यासाठी आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दाखवून या. पुढच्या तपासणीची तारीख कधी आहे ते बघत बसू नका. आणि दाखवून होईपर्यंत ती पोटरी कुणाकडूनही दाबून घेऊ नका.

घाबरवायचं नाहीये. बहुतेक वेळा तपासणीत काही निघत नाही. पण जी शंका फेडायची असते ती पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची, म्हणजे डीव्हीटीची. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, पण तिच्यामुळे गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट होतो. हा धोका शेवटच्या महिन्यांतच असतो असं नाही. पहिल्या तिमाहीपासून असतो. आणि गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतांशी डाव्या पायातच होतात. कारण शरीररचनेत आहे: डाव्या पायाकडून रक्त परत आणणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते. ती आधीच थोडी दाबलेली असते, त्यात गर्भाशयाचं वजन. त्यामुळे डावा पाय किंचित जास्त सुजणं हे साध्या सुजेतही दिसतं, आणि नेमकी म्हणूनच ‘डावा थोडा जास्त सुजतोच’ असं म्हणून गुठळी नजरेतून सुटण्याची भीती असते.

मी क्लिनिकमध्ये काय करते ते सांगते, घरीही जमेल. खुर्चीत बसून पाय खाली सोडा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून खाली १० सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि त्या खुणेवर शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर मोजा. टेप आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. दोन्ही पायांना सारख्याच उंचीवर खूण हवी, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. दोन्ही पोटऱ्यांत २ सेंटीमीटर किंवा जास्त फरक आला, तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. फरक कमी आला म्हणून मात्र तपासणी टाळू नका. पोटरी दुखते, गरम लागते, लालसर किंवा निळसर दिसते, चालताना ठणकते, यातलं काहीही असलं तरी दाखवायचंच. कधी कधी गुठळी वर, ओटीपोटातल्या शिरेत असते. तेव्हा पोटरी ठीक वाटते, पण अख्खी मांडी सुजते किंवा जांघेत, कंबरेत, पार्श्वभागात दुखतं.

तिथे गेल्यावर बहुधा पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी, करतील. त्यात क्ष-किरण नसतात, बाळाला काही होत नाही. डी-डायमर नावाची रक्ततपासणी एरवी उपयोगी पडते, पण गरोदरपणात तो आकडा तसाही वाढलेला असतो, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवत नाहीत. गुठळी निघालीच तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या प्रकारातली इंजेक्शनं देतात. ती वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचत नाहीत. उपचार आहेत, ते चांगले आहेत; फक्त वेळेत सुरू व्हायला हवेत. कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोन वगैरे करत न बसता थेट इमर्जन्सी गाठायची.

कुणाला जास्त जपायला हवं, हे प्रत्येकीच्या परिस्थितीवर ठरतं. पूर्वी गुठळी झालेली असणं, आईला किंवा बहिणीला झालेली असणं, वय पस्तिशीपुढे असणं, वजन बरंच जास्त असणं, जुळी, धूम्रपान, उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होणं, कुठल्याही कारणाने अंथरुणाला खिळून राहणं, लांबचा प्रवास. पूर्वी गुठळी झालेली असेल, किंवा यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, तर डॉक्टर आधीपासूनच इंजेक्शनचा विचार करतात. तुमच्या प्रश्नात यातलं काही लिहिलेलं नाही. लागू असेल तर ते आपणहून सांगा, विचारायची वाट पाहू नका.

आता दुसरी सूज, जी पायांवर दिसते पण पायांची नसते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया. नुसत्या पायाच्या सुजेवरून तो ओळखता येत नाही, कारण पाय तर बहुतेकींचे सुजतात. लक्ष द्यायचं ते वेगाकडे आणि जागेकडे. एक-दोन दिवसांत सूज एकदम वाढली, सकाळी उठल्यावरही उतरलेली नसली, चेहरा किंवा डोळ्यांभोवती फुगवटा आला, बोटातली अंगठी निघेनाशी झाली, तर बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. १६०/११० पर्यंत गेलं, किंवा जोडीला थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं असलं, तर ताबडतोब निघायचं. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर टेकवून मोजा. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा फसवतो.

या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या, तर उरते ती रोजची सूज. दोन्ही पायांना, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडून हळूहळू भरून येणारी. तुमचं वर्णन बहुतांशी हेच आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात. वाढलेल्या पाण्यामुळे रक्तातली प्रथिनं पातळ होतात आणि पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपायला सोपं जातं. वरून गर्भाशय पायांकडून येणाऱ्या मोठ्या शिरांवर टेकलेलं असतं. नळीवर कुणी पाय ठेवला की मागे पाणी तुंबतं, तसं. म्हणजे या सुजेत तुमची काही चूक नाही, आणि ती शून्यावर आणायचा आटापिटाही करायचा नाही. ती आटोक्यात राहिली, पाय जड होऊन दिवस वाया जाईनासा झाला, एवढं पुरे.

इथे माझं घरच्यांच्या सल्ल्याशी जुळत नाही. ‘पाय वर करून पडून राहा’ हे अर्धंच उत्तर आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं काम हृदय एकटं करत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं, शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्नायू हललेच नाहीत तर हा पंप बंद. माझ्या पाहण्यात पाय चालण्याने कमी बिघडतात, एका जागी राहण्याने जास्त. मग ते खुर्चीत असो, ओट्यापाशी उभं राहून असो किंवा पलंगावर असो. तुमच्यासारख्या बैठ्या कामात मला सगळ्यात जास्त फरक दिसतो तो एका साध्या सवयीने: दर पाऊण तासाने उठायचं, दोन-चार मिनिटं चालून यायचं. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागतं. मधल्या वेळात बसल्या जागी टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असं वीस-तीस वेळा. सावकाश आणि पुरतं. नुसते पाय हलवून पोटरी आवळली जात नाही. हात लावून बघा, पोटरी कडक व्हायला हवी.

खुर्चीची उंचीही बघा. पाय लोंबकळत असतील तर सीटची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते आणि तिथेच रक्त अडतं. पायाखाली छोटा स्टूल किंवा जाडसर वह्यांचा गठ्ठा चालतो. पायावर पाय टाकून बसायची सवय एवढे महिने बाजूला ठेवलेली बरी.

चालणं किती, हे तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय त्यावर आहे. सगळं ठीक असेल तर आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा सर्वसाधारण आकडा आहे; तो रोजच्या वीस-पंचवीस मिनिटांत बसतो. चालताना बोलता यायला हवं, वाक्य तोडावं लागलं तर वेग कमी करा. रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल, मुदतीआधी कळा येत असतील, बीपी वाढलेलं असेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, आधी विचारा. पोहण्याच्या तलावात उतरायची सोय असेल तर नक्की उतरा. पोहता यायलाच हवं असं नाही. छातीपर्यंत पाण्यात नुसतं चाललं तरी पाण्याचा दाब पायांतलं पाणी परत वाहिन्यांत ढकलतो आणि थोड्या वेळाने लघवीला धावावं लागतं. माझ्या पेशंटांपैकी पाण्यात चालणाऱ्या बायका त्या संध्याकाळी पाय हलके असल्याचं आवर्जून सांगतात. पाणी कोमट ठीक, कढत नको.

आता पाय वर ठेवण्याबद्दल. ते करायचंच, दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं, पण तुमच्या आठवड्यात एक पथ्य आहे. सपाट पाठीवर पडून पाय भिंतीला लावायचे, हे आता फार वेळ करू नका. पाठीवर निजलं की गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं. काहीजणींना गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. त्यापेक्षा उजव्या कंबरेखाली एक उशी सरकवा, म्हणजे अंग डावीकडे किंचित कलतं, आणि पाय दोन उशांवर. टाचा छातीपेक्षा थोड्या वर आल्या की झालं. स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसण्याचा उपयोग होतो, पण कमी, कारण पाय हृदयाच्या खालीच राहतात. रात्री झोपताना अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवरच झोपायला सुरुवात करावी. डावी कूस पायांना थोडी जास्त मानवते, उजवीही चालते. मध्यरात्री जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा.

मीठ आणि पाणी. साध्या सुजेसाठी मीठ तोडून फायदा होत नाही. पाणी कमी करून तर तोटाच होतो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळतं, आणि सूज तिथल्या तिथे. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा त्या नावाखाली मिळणारे काढे स्वतःच्या मनाने अजिबात नकोत.

स्टॉकिंग्जबद्दल मैत्रीण बरोबर सांगते, पण अर्धंच. दाब देणारे मोजे पायांचा जडपणा आणि सूज कमी करतात, शिरांचा ठणका कमी करतात. नवीन शिरा फुगायच्या थांबवतात असं मात्र नाही. मापाशिवाय घेतलेले मोजे कपाटात पडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी माप घेतल्याशिवाय नावही सुचवत नाही. माप सकाळी, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी घेर, पोटरीच्या सगळ्यात जाड जागी घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत लांबी. बहुतेकींना गुडघ्यापर्यंतचे, सौम्य दाबाचे पुरतात. मांडीच्या शिरा फुगल्या असतील तर मांडीपर्यंतचे किंवा गरोदरपणासाठीचे कंबरेपर्यंतचे. पायातल्या धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल, मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल किंवा पायावर जखम असेल तर विचारल्याशिवाय घालू नका. आणि तुमच्या बाबतीत क्रम लक्षात ठेवा: आधी डाव्या पोटरीची तपासणी, मग मोजे.

घालायची पद्धत मी प्रत्येकीला दोनदा करायला लावते, कारण पोट पुढे आल्यावर वाकून ते ओढणं ही कसरतच असते. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधीच घालायचे. मोज्यात हात घालून टाचेचा भाग चिमटीत पकडा आणि मोजा टाचेपर्यंत उलटा करा. आता पंजा आत सरकवा, टाच टाचेच्या जागी नीट बसली का बघा, आणि मग उरलेला भाग तळव्यांनी चोळत चोळत वर चढवा. वरची कड धरून खेचायचं नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर कापड हातातून निसटत नाही आणि नखंही लागत नाहीत. शेवटी गुडघ्याखाली कड दुमडून ठेवू नका. ती दुमड दोरी बांधल्यासारखी आवळते. सुरकुती राहिली तर तिथे वळ पडतो, ती सारखी करा. रात्री काढून टाका. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखलं, तर ताबडतोब काढा आणि माप पुन्हा तपासा.

गुडघ्यामागच्या निळ्या शिरांचं फार मनावर घेऊ नका. त्या वाढतील कदाचित, काहीजणींना मायांगाच्या (योनीच्या) बाहेरही शिरा फुगतात आणि लाजेने त्या सांगत नाहीत; सांगा, त्यासाठी आधार देणारे पट्टे मिळतात. शिरांवरचे लेझर किंवा इंजेक्शनचे उपचार गरोदरपणात करत नाहीत, कारण बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांत त्यातल्या बऱ्याच आपणहून मावळतात. फुगलेली शीर एका जागी कडक, लाल, दुखरी झाली तर दाखवा. शिरेला जखम होऊन रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. थांबत नसेल तर मदत बोलवा.

गोळ्यांचं आता. पोटरीत गोळा येतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया पाय ताणून पंजा खाली करण्याची असते, आणि तिनेच गोळा घट्ट होतो. उलट करायचं: गुडघा सरळ, पंजा आपल्याकडे, म्हणजे टाच पुढे ढकलायची. हात पोचत नसेल तर उशाशी एक लांब टॉवेल ठेवा, तो तळव्यात अडकवून दोन्ही टोकं ओढा. किंवा उठून भिंतीला हात टेकवून तो पाय मागे ठेवा आणि टाच जमिनीला दाबा. अर्ध्या-एक मिनिटात सुटतो. नंतर पोटरी दिवसभर थोडी दुखरी राहू शकते. तुमचं दुखणं यातलंच असू शकतं, पण एका मोठ्या गोळ्यानंतरचं दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं. चार दिवस टिकलेल्या आणि सुजेबरोबर आलेल्या दुखण्याला मी गोळ्याच्या खात्यावर टाकणार नाही.

गोळे येऊ नयेत म्हणून झोपण्यापूर्वी तोच भिंतीचा ताण, प्रत्येक पायाला अर्धा मिनिट, तीन वेळा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू एकावर एक आहेत आणि दोघांना ताण वेगळ्या कोनात मिळतो. पांघरूण पायाशी घट्ट खोचू नका, त्याने पंजे खाली दाबले जातात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सगळे विचारतात. कॅल्शियम तुम्हाला बाळंतपणासाठी दिलेलं असेलच, ते चालू ठेवा. मॅग्नेशियमचा पोटरीतल्या गोळ्यांवर खात्रीने गुण येतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही; काहींना बरं वाटतं. घ्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

गोळा न येताही पाय झोपू देत नसतील, म्हणजे आडवं झालं की आत काहीतरी वळवळतंय, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चाललं की बरं वाटतं, तर तो रेस्टलेस लेग्ज नावाचा वेगळा प्रकार. त्यात स्ट्रेचिंगपेक्षा रक्तातलं लोह तपासणं जास्त महत्त्वाचं. हिमोग्लोबिन बरं असूनही साठवलेलं लोह, फेरिटिन, कमी असू शकतं. ते मुद्दाम तपासायला सांगा. संध्याकाळचा चहा-कॉफी बंद करून बघा. उलटीवरच्या किंवा सर्दीवरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो, म्हणून काय काय घेताय त्याची यादी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, जे पायांशी संबंधित आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तळव्यांना आणि तळहातांना, अंगावर पुरळ नसताना, विशेषतः रात्री जोरात खाज सुटली, तर कोरडी त्वचा म्हणून तेल लावून सोडून देऊ नका. यकृतातलं पित्त अडल्याने ती खाज येऊ शकते, आणि रक्तातली पित्ताम्लं वाढणं बाळासाठी बरं नसतं. साध्या रक्ततपासणीने कळतं.

पाय दाबण्याचा प्रश्न राहिला. डावी पोटरी तपासून ‘गुठळी नाही’ असं कळलं की नवऱ्याला पुन्हा कामाला लावा. फक्त पद्धत बदला. अंगठ्याने रुतवून दाबायचं नाही, मुठीने ठोकायचं नाही. तळहात पसरून पावलापासून गुडघ्याकडे हलका, सावकाश हात फिरवायचा. दिशा नेहमी खालून वर. फुगलेल्या शिरांवरून हात न्यायचा नाही. तेल साधं चालेल. दुखण्यावरचे बाम मात्र विचारून, कारण बऱ्याच बाममध्ये ॲस्पिरिनच्या जातीचं सॅलिसिलेट असतं आणि ते कातडीतून आत जातं. पोटात घ्यायच्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यापासून टाळायच्या असतात, तेव्हा घरातल्या डब्यातली गोळी परस्पर नको.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण पुढच्या दोन महिन्यांत कदाचित लिहाल, म्हणून. मांडीच्या बाहेरच्या बाजूला चटका बसल्यासारखं किंवा बधिर वाटलं तर जांघेजवळ एक वरवरची नस दाबली जाते. कमरेचं घट्ट इलॅस्टिक सैल करा, ते बाळंतपणानंतर जातं. एका पायावर उभं राहिलं, जिना चढला, कूस बदलली की ओटीपोटाच्या हाडात कळ आली तर बसून कपडे घाला, कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला भेटा; हे सोसत बसण्यासारखं दुखणं नाही. पंजा उचलेनासा झाला, किंवा बसायच्या जागी बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तातडीने दाखवा.

चपलांचं सोपं आहे. पावलाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल काही मिलिमीटर लांबतं. पहिल्या बाळंतपणात हे जास्त होतं आणि काहीजणींचं पाऊल परत पूर्वीच्या मापाचं होत नाही. त्यामुळे आत्ता मोठ्या मापाची घ्या, संध्याकाळी सूज असताना घालून बघा, मागे टाच धरणारा पट्टा हवा. अगदी सपाट स्लिपरपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद टाच बरी. सुजलेल्या पायाची कातडी ताणलेली असते. रोज मॉइश्चरायझर लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र कोरडं ठेवा.

‘बाळंतपणानंतर हे सगळं जाईल ना’ असंही तुम्ही विचारलंय. सूज जाईल, पण लगेच नाही. प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस ती वाढल्यासारखी वाटते, विशेषतः सलाइन लावलं असेल तर. साधारण एक-दोन आठवड्यांत उतरते. गोळे आणि पायांची वळवळ बहुतेकींची लवकर थांबते. गुठळीचा धोका मात्र बाळ झालं की संपत नाही, उलट पहिल्या सहा आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी उठून चार पावलं चालायचं, पलंगावर असाल तोवर पंजे वर-खाली करत राहायचं, इंजेक्शनं लिहून दिली असतील तर सांगितलेल्या तारखेपर्यंत पूर्ण घ्यायची. आणि घरी आल्यावर एक पोटरी दुखायला लागली, तर बाळाच्या गडबडीत ती मागे टाकू नका. पण आत्ता हे वाचून झालं की आधी टेप शोधा, दोन्ही पोटऱ्या मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. डॉपलरमध्ये काय निघालं ते इथे कळवा, म्हणजे मोज्यांचं पुढे बघता येईल.